मिठागराच्या गावातल्या सुया

शिरोड्यात लोखंड टिकत नाही. गेटाची बिजागरी, विहिरीवरचा रहाट, सायकलची चेन, खिडकीचे गज, सगळ्यांना वरचेवर रंग नाहीतर ग्रीस लागतं आणि ते लावूनही एके दिवशी हात लावला की खपली निघून येते. इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. गज गंजला तर गज बदलतात. पण पाऊण मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई गंजली तर तिच्यात घासून काढायलाही फारसं काही उरत नाही.

वेंगुर्ले तालुक्यातलं हे गाव मिठागरांचं. १९३० साली इथं मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच मिठागरांमुळे. दक्षिणेला जवळच रेडी, तिथं लोहखनिजाच्या खाणी. म्हणजे एका अंगाला मीठ आणि दुसऱ्या अंगाला लोखंड, आणि मध्ये आम्ही. शाळेत शिकलेलं रसायनशास्त्र मला इथं येऊन पहिल्यांदा खरं वाटलं. लोखंड सापडतं ते ऑक्साइडच्या रूपात. भट्टीत घालून, कोळसा जाळून आपण त्याच्यातला ऑक्सिजन काढतो तेव्हा त्याचा धातू होतो. पुढं पाणी आणि हवा मिळाली की ते पुन्हा ऑक्साइड व्हायला निघतं, आणि मीठ त्याची वाट सोपी करून देतं. रेडीच्या रस्त्यावरची लाल धूळ आणि सुईवरचा लाल ठिपका एकाच कुळातले आहेत. माझी सगळी खटपट म्हणजे काही ग्रॅम पोलादाला त्याच्या माहेरी जाण्यापासून अडवणं.

मी लेस विणते. क्रोशा म्हटलं की बहुतेकांना टीव्हीवरचा रुमाल नाहीतर माठावरचं मण्यांचं झाकण आठवतं. तेही मी करते, पण जीव रमतो तो बारीक कामात. ४० नंबरचा दोरा, १ मिलिमीटरची सुई. त्याहून बारीक ८० नंबरचा दोरा घेतला तर पाऊण किंवा त्याहून कमी. या मापाच्या सुया ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या चालत नाहीत, वाकतात. त्या पोलादाच्याच लागतात, वर निकेलचा मुलामा. मधला चपटा भाग अंगठ्याखाली येतो, त्याच्यावर माप कोरलेलं असतं. टोकाला आकडा. भिंगाखाली धरला की कळतं, तो आकडा म्हणजे एक खाच आहे, खाचेच्या वर पुढं वाकलेलं नाक आहे, आणि नाकाच्या आतली कड गुळगुळीत हवी. दोरा आकड्यात अडकतो तो त्या कडेवरून घसरत, दर टाक्याला एकदा तरी. मुलामा सगळ्यात आधी झिजतो तो तिथंच. मुलामा गेला की खालचं पोलाद उघडं पडतं, आणि तिथं मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान खड्डा पडतो. डोळ्याला तो दिसत नाही. पण दोऱ्याला कळतो. दोऱ्याचा पीळ तिथं अडकून सुटायला लागतो, एक पदर आकड्यात येतो, दुसरा मागं राहतो, आणि विणीवर लव आल्यासारखी दिसते. अशा वेळी कापसाचा बोळा घेऊन त्यावरून टोक हलकेच ओढावं. तंतू चिकटून आला तर सुई बिघडली. बाकी परीक्षा नको.

आता हवेचं. पोलादावर पाण्याचा पातळ थर बसायला हवेतलं बाष्प एका मर्यादेपलीकडे जावं लागतं. साधारण साठ टक्के आर्द्रतेनंतर गंज जोर धरतो. हे कोरड्या गावांसाठी. समुद्रकाठी त्या हिशेबात मीठ घुसतं. शुद्ध मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पण समुद्राचं मीठ शुद्ध नसतं. त्याच्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढायला लागतं. मिठागरावर ढीग घातलेल्या जाड्या मिठातून खारं कडू पाणी पाझरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तोच प्रकार सुईवर बसलेल्या न दिसणाऱ्या कणाचा. डिसेंबरातल्या कोरड्या दुपारीसुद्धा तो कण ओलाच असतो. म्हणून पुण्याला माझ्या आईच्या सुया उघड्या परडीत वर्षानुवर्षं पडून चकचकीत राहिल्या आणि त्याच कंपनीच्या सुया इथं पहिल्या श्रावणात काळवंडल्या.

विणकामाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, की अवजारं कोरड्या जागी ठेवावीत. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत कोरडी जागा म्हणजे कुठली, ते पुस्तक सांगत नाही. बरं, सुया बांधून ठेवून दिवाळीला काढाव्यात म्हटलं तर तेही जमत नाही. लेस विणायचा मोसम नेमका पावसाळाच. लावणी आटोपली, बाहेर पडायची सोय नाही, दुपारी पडवीत उजेड बरा असतो, आणि डोक्यावर चतुर्थी. गणपतीच्या चौरंगाला नवी झालर, दाराला तोरण, पाहुण्यांपुढं येणाऱ्या ट्रेवरचे रुमाल, सगळं आषाढ-श्रावणातच विणून व्हायला हवं. हवा ज्या दिवसांत सुया खाते त्याच दिवसांत सुया हातात असतात. त्यामुळं माझ्या मते इथं सुया ‘साठवणं’ हा मुद्दाच नाही. प्रश्न आजच्या संध्याकाळपासून उद्याच्या दुपारपर्यंतचा आहे. रोज.

हे माझ्या आतेसासूबाईंना माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं. घरात सगळेच त्यांना आते म्हणतात, मीही. आते विणायच्या थांबल्या आणि डबा बाजूला सारला असं कधी झालं नाही. आधी मांडीवरचा दोरा गुंडाळायचा, मग पदराला नव्हे, वेगळ्या ठेवलेल्या फडक्याला सुई पुसायची, मागून आकड्याकडे न जाता आकड्यापासून मागं, म्हणजे फडक्याचे तंतू खाचेत अडकत नाहीत. मी नवीन असताना चहाचा कप उचलला की त्यांचा आवाज यायचा, “गो, सुयो पुस आदी, मगे चाय घी.” तेव्हा तो मला सासुरवास वाटायचा. आता कळतं, की घामातलं मीठ हे समुद्राच्या मिठाहून जवळचं. काहींच्या हाताला घामच असा येतो की धातूवर बोटांचे ठसे गंजून उमटतात. यंत्रशाळेत अशा माणसाला मापाची हत्यारं देताना विचार करतात. माझी नणंद त्यातली. तिनं हाताळलेली सुई डोळे मिटून ओळखावी.

आतेंच्या सुया राहायच्या बांबूच्या नळीत. एका बाजूचं पेर तसंच ठेवलेलं, दुसऱ्या बाजूला कापडात गुंडाळलेलं लाकडाचं बूच. आत काकांच्या जुन्या लोकरी पँटचा तुकडा, त्याची सुरळी करून त्यात सुया, सगळ्यांची टोकं वर. आणि ही नळी टांगलेली असायची चुलीच्या मागच्या भिंतीला, धूर थेट लागणार नाही पण ऊब लागेल अशी. त्याच भिंतीवर सोलांची, म्हणजे सुकवलेल्या कोकमांची पिशवी, बियाण्याच्या पुड्या. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच होती, आणि ती कोरडी का होती त्याचं गणित सोपं आहे. हवा तापली की तिची बाष्प धरायची ताकद वाढते. पावसाळी २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती ३२ अंशांपर्यंत तापवली तरी आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण धातूवर बसायला धजत नाही. चुलीनं चार महिने दिवसरात्र हेच केलं.

मग गॅस आला. ओटा झाला, भिंतीला टाइल्स लागल्या, आणि नळीला लावायला खिळाच उरला नाही. गॅसची ज्योत पेटते तेव्हा वाफच करते आणि विझली की भिंत पुन्हा गार. त्यानंतर काही वर्षं आमच्या कपाटात झिरोचा बल्ब होता. पुष्कळ घरांत असायचा, रेशमी साड्यांना वास येऊ नये म्हणून. त्याला झिरो म्हणत असले तरी तो पंधरा वॅटचा होता आणि त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जायची, म्हणूनच तो उपयोगी होता. आता झिरोचा बल्ब म्हणून मिळतो तो एलईडी. छान निळा उजेड पडतो, कपाट मात्र गारच. विजेची बचत करताना कपाटातली चूल आपण काढून टाकली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

हल्ली माझा सुयांचा डबा राऊटरच्या शेजारी असतो. हसू नका. चोवीस तास चालू असणारी, हाताला कोमट लागणारी घरातली ती एकच वस्तू आहे. वायफायची पेटी भिंतीवरच्या फळीवर, तिच्या अंगाला टेकून डबा. वर नाही, कारण तिची जाळी बंद होते. लाईट गेली की अर्थात सगळंच गार. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आते खूश होत्या. “लाईट गेली काय तुझी चूल इझली!”

ओल खाणाऱ्या वस्तूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यात फसगत फार होते. कपाटात जाड्या मिठाची पुरचुंडी ठेवण्याची पद्धत मी पाहिली आहे. मीठ ओल ओढतं हे खरंच, पण ओढून ते पाझरतं, आणि ते पाझरलेलं पाणी पोलादाजवळ असणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली. बाजारात टांगायच्या पिशव्या मिळतात, वर पांढरे दाणे आणि खाली पाणी साचायची जागा, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. साड्यांच्या कपाटाला ठीक, पण ती पिशवी फुटली तर खालच्या कप्प्यातलं लोखंड गेलं म्हणून समजा. तांदूळ भाजून घालणं निरुपद्रवी आहे, फारसं कामाचंही नाही. त्यापेक्षा औषधाच्या बाटल्यांतून, बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. सिलिका आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी पिऊनही कोरडीच राहते. पण तिचंही पोट भरतं, आणि लोक वर्षानुवर्षं तीच पुडी डब्यात ठेवून निर्धास्त असतात. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, भरले की रंग पालटतो. मग कढईत मंद आचेवर, धूर निघू न देता, परतून घ्यायचे. निळे दाणे गुलाबी होतात त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत नकोत. केशरी रंगाचे मिळतात ते पाहावेत, आणि त्यांनाही जुनी वेगळी कढई द्यावी. आणि डबा घट्ट झाकणाचाच हवा. सैल झाकणाच्या डब्यात सिलिका ठेवणं म्हणजे ती अख्ख्या शिरोड्याची हवा कोरडी करायला बसवणं.

बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा, जो उघडला की बिस्किटांऐवजी रीळ आणि बटणं निघतात, तो आमच्याकडेही आहे. सुयांना मात्र तो नको. इथं त्याचं झाकणच आधी गंजतं, आणि त्याचा भुगा आत पडतो.

तेलावरून माझं आणि आतेंचं जमत नाही. पावसाच्या आधी घराची जी आगोटीची तयारी चालते, मिरच्या, सुकट, सोलं, लाकडं, त्यातच त्या एका दुपारी सुया काढून बसतात आणि प्रत्येकीला मुठेल चोळतात. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, मुठीनं वळलेला फिकट गोळा, टाचांच्या भेगांना लावतात तेच. खोबरेल उन्हाळ्यात पातळ होऊन खाली उतरतं, मुठेल तसं उतरत नाही. अंगच्या उबेनं मऊ होतं, चोळलं की पातळ थर बसतो आणि पुन्हा घट्ट होतो. पोलादावर ते काम करतं, हे मी कबूल करते. पण वनस्पतीचं कुठलंही तेल-तूप कधीतरी खवट होतं, त्यात आम्लं तयार होतात. आणि पांढऱ्या दोऱ्यावर तुपाचा डाग पडला, की तो धुतल्यावर गेल्यासारखा वाटून इस्त्रीखाली पुन्हा वर येतो. मी शिलाई मशीनचं तेल वापरते. ते खनिज तेल आहे, खवट होत नाही. एक थेंब फडक्यावर, तो सगळ्या सुयांना पुरतो. विणायला घेताना कोऱ्या फडक्यानं पुसायचं आणि पहिली पाच-सहा साखळ्यांची ओळ टाकाऊ दोऱ्यावर घालायची. आते म्हणतात हे चोचले आहेत.

पितळेच्या टाचण्यांच्या बाबतीत मात्र त्यांना माझं ऐकावं लागलं. बॉबिन लेस नावाचा एक प्रकार आहे. त्यात आकडा नसतो. उशीवर नक्षीचा टोचलेला कागद ठेवायचा, लाकडी गुल्ल्यांना गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून फिरवायचे आणि जिथं दोरे वळतात तिथं टाचणी रोवायची. युरोपातलं जुनं काम, आपल्याकडे ते १८२०च्या दशकात नागरकोविलच्या मिशनरी शाळेत बायकांना शिकवायला सुरुवात झाली. मी हे हौसेनं शिकले, अजून शिकतेय. त्यात बोटभर पट्टीलाही शेकड्यानं टाचण्या लागतात, आणि मुख्य म्हणजे त्या विणीत उभ्या राहतात. मोठं काम असेल तर आठवडेच्या आठवडे. साध्या लोखंडी टाचणीनं आमच्या हवेत तेवढ्या वेळात प्रत्येक वळणावर एक तांबडा बिंदू सोडला असता. म्हणून या कामात पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या टाचण्या वापरतात. पितळ गंजत नाही, पण तुपातेलातली आम्लं लागली की हिरवं पडतं, समईच्या वातीपाशी पडतं तसं. आतेंनी कौतुकानं माझ्या टाचण्यांनाही मुठेल लावायला घेतलं होतं, तेव्हा मी समई पुढं आणून ठेवली. वाद तिथं मिटला. स्टेनलेसला डाग लागत नाही असं नाव असलं तरी खाऱ्या हवेत त्यालाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मात्र त्याला वेळ लागतो, आणि गोड्या पाण्यानं धुऊन कोरडं केलं तर फारच वेळ लागतो.

त्या उशीचंही एक सांगते. परंपरेनं ती पेंढ्यानं ठासून भरतात. आमच्याकडे भाताच्या पेंढ्याला तोटा नाही, म्हणून शेजारच्या काकींनी मोठ्या मनानं भारा आणून दिला. पण पेंढा ओल धरतो, आणि टाचणीचं जे टोक आत रुतलेलं असतं त्याला ती चोवीस तास मिळते. बाहेर डोकं चकचकीत आणि आत टोक काळं. पेंढा वापरायचाच तर मार्च-एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळवलेला, आणि पावसाळ्यात उशी विश्रांतीला. मी दाट फोमचा तुकडा घेतला. दिसायला गबाळा आहे. हेच लाकडाच्या भुशानं भरलेल्या पिनकुशनचं. पूर्वी पिनकुशनमध्ये लोकर किंवा केस भरत, त्यातल्या स्निग्धपणामुळं सुयांना थोडं संरक्षण मिळे. आणि त्या लाल टोमॅटोसारख्या पिनकुशनला एक छोटी स्ट्रॉबेरी लटकत असते ती शोभेची नाही, तिच्यात कुरुंदाची भुकटी असते. सुई दोन-तीनदा आरपार नेली की टोक घासून निघतं. नकली घेतलीत तर तिच्यातही भुसाच निघतो.

टोकाची काळजी दोन्ही बाजूंनी घ्यायची असते, टोकाला काही लागू नये आणि टोक कुणाला लागू नये. आमच्याकडे पिढीजात उपाय म्हणजे सायकलची व्हॉल्व ट्यूब. सायकलवाल्याकडे फूटभर मिळते, इंचभर कापून सुईच्या नाकावर चढवली की झालं. पिशवीत घालून एसटीनं नेताना उत्तमच. पण ती प्रवासापुरतीच. रबराच्या आत ओल अडकते, उन्हाळ्यात रबर चिकट होतं, आणि त्यात गंधक असतं. चांदीची किंवा पितळेची वस्तू त्याच्याजवळ काळी पडते. घरी पोचलं की टोपी काढायची. बॉलपेनचं टोपण बरं, आत हवा खेळते. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत एक-एक सुई ठेवण्याची युक्ती माझ्या भाचीची, मापाची चिठ्ठी नळीवर चिकटवली की शोधाशोध नको.

सुया एकमेकींवर आपटू न देणं हेही महत्त्वाचं. डब्यात सुटी सुई, शेजारी कात्री, त्यात लोहचुंबक, हा शेजार वाईट. चुंबकानं सांडलेल्या सुया गोळा करणं सोपं जातं, पण त्याच्याजवळ राहून सुया स्वतःच चुंबक होतात आणि मग हव्या त्या सुईबरोबर नको ती लोंबत येते. पितळेच्या टाचण्यांना तर चुंबक ओळखतच नाही, त्या फरशीवर तशाच राहतात.

सावंतवाडीला चितार आळीत गेले होते तेव्हा डोक्यात होतं, लाखेच्या कामाची एक लांबोडकी सुईदाणी कातून घ्यावी. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर रंगाचा तकतकीत पट्टा चढत जातो, ते बघत उभं राहायला मला आवडतं. सुईदाणी मिळाली, लाल-पिवळी, बोटांना गुळगुळीत. पण लाख फक्त बाहेरून असते. आतलं भोक म्हणजे कोरं लाकूड, आणि कोरं लाकूड पावसाळ्यात ओल पितं; शिवाय बऱ्याच लाकडांतून सौम्य आम्लाची वाफ निघत राहते, बंद जागेत ती धातूला बाधते. आता तिच्यात टॅटिंगची, म्हणजे गाठी मारून लेस करायच्या कामाची, लाकडी शटल आणि हाडाची एक जुनी सुई राहते. त्यांना गंजाची भीती नाही, बुरशीची आहे, ती फडक्यानं जाते. सुंदर डबे बहुधा अवजारांसाठी नसतातच, असं माझं हळूहळू मत होत चाललंय. माझ्या रोजच्या सुया ज्यात राहतात तो रबरी कडेचा प्लॅस्टिकचा स्वस्त डबा आहे, आत लोकरी फ्लॅनेलची घडी. नवीन सुती कापड नको, त्याला खळ असते, खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही येतात. वर्तमानपत्राचा कागदही नको. जुन्या सुयांच्या पुडक्यांत आतला कागद काळा असायचा, तो गंज येऊ नये म्हणूनच घालत.

इतकं करूनही गंज येतो. आला की झिरो नंबरचा पॉलिश पेपर, तोही जुना, वापरून मऊ झालेला. पट्टी कापून दोऱ्यासारखी खाचेतून ओढायची, मग ब्रासो, मग तेल. आते चाळलेली राख वापरतात आणि त्यांचं काम माझ्याइतकंच होतं. मुलामा मात्र परत येत नाही. एकदा पॉलिश केलेली सुई पुन्हा रोज पुसावी लागणारच, आणि नाक झिजून बारीक झालं की माप बदलतं. पाऊणची सुई पाऊणची राहत नाही. तिच्यावर जाडा दोरा घेऊन शिकाऊ मुलींना द्यावी.

डाग लेसवर पडला तर ब्लीचला हात लावायचा नाही. क्लोरीनच्या ब्लीचनं गंजाचा डाग पक्का होतो, धोबीघाटावर ज्यांचे कपडे गेलेत त्यांना विचारा. इथं परसात बिंबलाचं झाड असतं, खोडाला लगडलेली हिरवी फळं, माशाच्या आमटीत पडतात ती. त्यांच्या रसात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, आणि ते लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं. फळ चिरून डागावर हलकेच दाबायचं, चोळायचं नाही कारण टाके ताणतात, थोडा वेळ ठेवायचं आणि भरपूर पाण्यात खळबळायचं. लिंबू-मीठही चालतं, पण मिठाचा अंश विणीत राहिला तर पुढच्या पावसात तीच लेस दमट लागते. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मात्र चुकूनही नको, ते डाग काढायच्या ऐवजी आपला लाल डाग देऊन जातं.

राहता राहिल्या मोडक्या. आकडा तुटलेली सुई, वाकलेल्या टाचण्या, मशीनच्या मोडलेल्या सुया. या केरात टाकायच्या नाहीत. केर हातानं उचलणारी माणसं असतात, आणि गुरं उकिरडा हुंगतात. गंजलेलं टोचलं की धनुर्वात होतो असं आपण म्हणतो. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, मातीत आणि शेणात असतात, पण फरशीवर पडून अंगणापर्यंत गेलेली सुई त्या दोन्हींतून फिरून आलेली असते, तेव्हा इंजेक्शन घेतलेलं बरं. आमच्याकडे विणून उठताना सुया मोजतात. एक कमी भरली तर ती मिळेपर्यंत कुणी अनवाणी फिरत नाही आणि नातवाला उचलून पलंगावर बसवतात. मोडकं सगळं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत जातं, झाकण घट्ट. बाटली भरली की भंगारवाल्याला द्यायची असा बेत होता. त्यानं ती हलवून पाहिली, तराजूत ठेवली, काटा हलेना, आणि परत माझ्या हातात देत म्हणाला, “वैनी, काचेचे देतो, आतल्याचे काय देऊ?” आतेंनी आतून विचारलं, काय म्हणता तो? मी बाटली पुन्हा फळीवर ठेवली, आणि तिच्यात अजून जागा आहे.